फोर्कची गोल चकती फिरवली की शॉकअप खरंच कडक होतो?

सोलापुरातल्या सायकल ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: स्वस्त फोर्कवरची (पुढचं चाक धरणाऱ्या, आत स्प्रिंग असलेल्या दुहेरी नळ्यांवरची) चकती ‘+’ कडे पूर्ण फिरवा, शॉकअप कडक होतो आणि खड्ड्यात बसत नाही.

असं वाटणं साहजिक आहे, कारण फिरवल्यावर हातानं दाबताना फोर्क खरंच घट्ट लागतो. पण स्प्रिंग तीच राहते, ती फक्त आधीच थोडी दाबली जाते. समजा, ती 1 मिमी दाबायला अर्धा किलो भार लागतो. चकतीनं 5 मिमी दाबून ठेवली, तर सुरुवातीलाच अडीच किलो जास्त लागतात. पुढचा प्रत्येक मिमी मात्र अर्ध्या किलोतच! म्हणून हिप्परगा तलावाकडच्या खडबडीत वाटेवर बारीक दगडांचे हादरे मनगटाला जास्त बसतात, आणि मोठ्या खड्ड्यात फोर्क जवळपास पूर्वीइतकाच खाली जातो.

घरी तपासता येतं. फोर्कच्या वरच्या चकचकीत नळीला केबल टाय बांधून रबरी सीलपर्यंत सरकवा. लॉकआउट (फोर्क दबणं बंद करणारी कळ) उघडा ठेवा. भिंतीचा आधार घेऊन, पाठीवरच्या बॅगेसकट नेहमीसारखे बसा, उसळी न देता अलगद उतरा. टाय आणि सील यांतलं अंतर मोजा. 100 मिमी ट्रॅव्हलला (म्हणजे फोर्क जास्तीत जास्त इतका दबतो) 20 ते 25 मिमी चांगलं. मग चकती पूर्ण फिरवून पुन्हा मोजा, फरक थोड्याच मिमीचा दिसेल.

तरीही 30 च्या वर जात असेल, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग मऊ आहे. मिळत असेल तर त्याच मॉडेलची कडक स्प्रिंग बसवून घ्या.