खाली गाळा, वर खाट: नवी मुंबईतल्या विद्यार्थी-निवासाची पार्श्वभूमी

जून 2025 मध्ये नवी मुंबईत परदेशी विद्यापीठे एकत्र आणणाऱ्या एज्युसिटी प्रकल्पासाठी पाच विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. तिथे शिकायला येणारी मुले राहणार कुठे, हा प्रश्न त्यामागून येणारच. अमेरिकेत त्याचे एक ठरलेले उत्तर आहे: विद्यापीठाने आवाराला लागून इमारत उभारायची, वर विद्यार्थ्यांची घरे आणि खाली शेजारच्या वस्तीलाही उपयोगी पडतील अशी दुकाने. ओहायो स्टेट विद्यापीठाने 1995 मध्ये त्यासाठी वेगळी संस्था काढली आणि 2005 मध्ये कोलंबसच्या हाय स्ट्रीटवर दुकाने, घरे आणि चित्रपटगृह असलेला प्रकल्प सुरू झाला.

नवी मुंबईत असे घर-दुकान केव्हाच उभे राहिले आहे. फक्त ते विद्यापीठाने बांधलेले नाही.

त्याची मुळे एका वर्षाच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टींत आहेत. 1983 मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढे नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या उपनगरांत, संस्था आल्या. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने त्यांना शैक्षणिक वापराच्या अटीवर भाडेपट्ट्याने भूखंड दिले. या अटीमुळे आवारात कँटीन चालते, वसतिगृहही बांधता येते, पण रस्त्याकडे तोंड करून दहा गाळे काढून भाड्याने देणे वापराच्या अटीत बसत नाही. बाहेरगावची मुले मात्र वसतिगृहाच्या खाटांपेक्षा जास्त आली.

दुसरी गोष्ट जानेवारी 1984 ची. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या भूमिपुत्रांचे आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के योजना आली: गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. कागदावर साडेबारा असले तरी सामाजिक सुविधांसाठी 30 टक्के कापून हातात पावणेनऊ टक्केच पडतात. म्हणजे एक हेक्टर गेले तर 875 चौ. मी. या भूखंडांना दीड चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या दीडपट बांधकाम) आणि 15 टक्के व्यापारी वापर मिळाला. 200 चौ. मी.चा भूखंड धरा: बांधकाम 300 चौ. मी., त्यातले 45 दुकानांना, म्हणजे 15-15चे तीन गाळे. झेरॉक्स, किराणा, मेस. वरचे खोल्या-किचन पीजीला. कुठल्याही आराखड्यात ‘विद्यार्थी-निवास’ असे लिहिलेले नव्हते. जमिनीच्या मोबदल्याच्या सूत्रातून ते निघाले. म्हणूनच ते टिकले, असे आमचे मत: मालक गावातलाच, भाडे रोखीने येते आणि गाळा रिकामा पडला तर त्याच्याच खिशाला चाट बसते.

दोष मात्र त्याच सूत्रात आहेत. पाणी आणि सांडपाण्याचा हिशेब माणशी 135 लिटर आणि घरात पाच माणसे धरून होतो, म्हणजे 675 लिटर. त्याच वन बीएचकेमध्ये आठ मुले राहिली की 1,080 लागतात आणि टाकी संध्याकाळीच तळ गाठते. मेससाठी धुराडे गच्चीपर्यंत न्यावे लागते. मूळ नकाशात त्यासाठी शाफ्ट, म्हणजे उभी पोकळी, नसला तर ते मागच्या भिंतीवरून चढवतात आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत धूर जातो. तेल अडवणारी कुंडी न बसवता मोरी थेट ड्रेनेजला जोडली की लाइन चोक होते. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे स्टिल्टचे (इमारतीखाली खांबांमधले) पार्किंग भिंती घालून गाळ्यात बदलणे. ते मंजूर नकाशाबाहेरचे असते, त्यामुळे दुकानाचा परवाना किंवा अग्निशमनाचा दाखला मागायला गेल्यावर अडकते.

परीक्षा संपल्या की मे-जूनमध्ये मुले गावी जातात. फक्त मुलांवर चालणारा गाळा तेव्हा भाडेही काढत नाही. दवाखाना, किराणा, इस्त्री चालते, कारण सोसायटीतली गिऱ्हाइके बारमाही असतात. कोणतेही विद्यापीठ असा प्रकल्प काढणार असेल, तर भाडेकरूंची यादी मे महिना समोर ठेवून करावी.

कराचीही एक गाठ आहे. 15 जुलै 2024 पासून माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंतच्या निवासाला जीएसटी माफ आहे, पण सलग किमान 90 दिवस राहण्याची अट आहे. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी दिलेली खाट त्यात बसत नाही. गाळ्याच्या भाड्याला ही माफी नाहीच. नोंदणीकृत मालकाला तिथे 18 टक्के लागतात. त्यामुळे खाटांची आणि गाळ्यांची बिले पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी लागतात.