शेजार पुरेसा नसतो

एकाच माणसाने घरी तेलुगू, दुकानात मराठी, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कन्नड आणि शेजाऱ्याशी दखनी बोलावे, याचे सोलापुरात कोणालाही नवल वाटत नाही. मागांनी आणि कापडगिरण्यांनी दूरदूरची माणसे या शहरात आणली आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग गजबजून टाकला. म्हणूनच सोलापूरकराला सहिष्णुता शिकवावी लागत नाही, असे आपण सभा-समारंभांत बिनदिक्कत म्हणून टाकतो. मानसशास्त्राने या विषयावर केलेले प्रयोग पाहिले, तर मात्र हा आत्मविश्वास थोडा आवरता घ्यावा लागतो.

हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ होते आणि नाझींच्या नरसंहारात त्यांनी आपले कुटुंब गमावले होते. माणसांत ‘आपले’ आणि ‘परके’ ही फूट पडायला किमान किती कारण पुरते, हे त्यांना तपासायचे होते. त्यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे एकाच शाळेतील १४-१५ वर्षांच्या मुलांचे दोन गट पाडले. हे गट दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात यावरून पाडले आहेत, असे मुलांना सांगितले. प्रत्यक्षात विभागणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. त्यानंतर प्रत्येकाने इतर मुलांना थोडे पैसे वाटायचे होते. घेणाऱ्याचे नाव कळत नव्हते, फक्त गट कळत होता आणि वाटणाऱ्याला स्वतःला त्यातून काहीच मिळणार नव्हते. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या गटापेक्षा आपला गट वरचढ राहावा म्हणून आपल्याच गटाला मिळू शकणारी रक्कम कमी झालेलीही अनेकांनी चालवून घेतली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत ना धर्म होता, ना जात, ना जुने वैर.

मग ही फूट सांधते कशाने? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामायिक असावे, ते सहकार्याने गाठावे लागावे आणि वरिष्ठांचा किंवा नियमांचा त्याला पाठिंबा असावा. पुढे २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित ताळा घेतला गेला. संपर्काने पूर्वग्रह सामान्यतः घटतो आणि या अटी पाळल्या तर अधिक घटतो, असे त्यातून दिसले.

आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा प्रयोग उत्तर प्रदेशात झाला. वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना क्रिकेटच्या संघांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून सामने खेळवले. एका संघातून खेळलेल्यांमध्ये जातीपलीकडची मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांमध्ये मात्र ती घटली. मैदान तेच आणि माणसेही तीच, पण कोण कोणाच्या बाजूला उभा आहे एवढ्याने फरक पडला. इराकमध्ये ख्रिश्चन आणि मुस्लिम खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ केले, तेव्हा ख्रिश्चन खेळाडूंची मुस्लिम सोबत्यांविषयीची आपुलकी वाढली, परंतु मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत ती फारशी पोहोचली नाही. मला हा निष्कर्ष सर्वांत प्रामाणिक वाटतो. ‘माझा मित्र त्यांच्यातला आहे, पण तो वेगळा’ हे वाक्य आपण सर्वांनी कधीतरी ऐकले आहे, कदाचित उच्चारलेही आहे.

या निकषांवर सोलापूरला ताडून पाहिले, तर चित्र संमिश्र दिसते. यंत्रमागाच्या कारखान्यात अनेक भाषांचे कामगार एकाच पाळीत राबतात, हे खरे सहकार्य आहे. मालक आणि कामगार यांच्यात मात्र समान दर्जाची अट बसत नाही. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले सोलापूरचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांची नावे एका दमात घेतली जातात, कारण त्यांचे उद्दिष्ट एकच होते.

रोजच्या जगण्यातली परीक्षा याहून साधी असते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या गल्लीत पाण्याच्या दिवशी ‘आधी कोणाची घागर’ यावरून वाद होतो, तिथले शेजारी प्रतिस्पर्धी संघांसारखे वागतात. ज्या गल्लीत पाळी आधीच ठरलेली असते आणि कामावर गेलेल्यांची पिंपे शेजारीण भरून ठेवते, तिथे तोच नळ दोघींना एका संघात आणतो.