मेमरिस्टरची ड्रिफ्ट-डिफ्युजन समीकरणं

मेमरिस्टर म्हणजे असा रेझिस्टर की ज्याचा आत्ताचा रेझिस्टन्स आधी त्यातून कसा करंट गेला यावर ठरतो, म्हणून मेमरी चिपसाठी त्याच्यावर एवढा डोळा. लिऑन चुआ यांनी तो 1971 मध्ये कागदावर मांडला, 2008 मध्ये एचपी लॅब्सने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात सापडल्याचं जाहीर केलं (तो खरंच चुआंचाच मेमरिस्टर का, यावर वाद झालेत, पण इथे त्याने काही अडत नाही).

ऑक्साइडमध्ये जिथे ऑक्सिजनचा अणू गायब असतो ती जागा, म्हणजे व्हेकन्सी, पॉझिटिव्ह चार्जसारखी वागते आणि व्होल्टेज लावलं की सरकते, इलेक्ट्रॉनच्या मानाने अगदीच हळू. व्हेकन्सी जिकडे गोळा होतात तिकडे इलेक्ट्रॉनही वाढतात आणि करंट सोपा जातो. सेमीकंडक्टरसाठी व्हॅन रूसब्रूक यांनी 1950 मध्ये लिहिलेली ड्रिफ्ट-डिफ्युजन सिस्टिम (ड्रिफ्ट म्हणजे व्होल्टेजमुळे सरकणं, डिफ्युजन म्हणजे दाटीतून विरळ जागेकडे पसरणं) इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, पॉझिटिव्ह चार्जसारखी वागणारी) या दोघांचीच होती, प्रत्येकाचं एक समीकरण आणि चार्जवरून पोटेन्शियल काढायला पॉयसनचं समीकरण. इथे व्हेकन्सीचं तिसरं समीकरण येतं, त्यात इलेक्ट्रॉन-होल कॉन्टॅक्टमधून आतबाहेर करतात, व्हेकन्सी मात्र आतच राहतात, त्यांची एकूण संख्या बदलत नाही.

एक समीकरण वाढलं एवढंच, असं वाटतं, पण खरी गंमत तिथेच आहे. दोनच घनता असतील, इलेक्ट्रॉनची एन आणि होलची पी, तर त्या किती वाढू शकतात याचा अंदाज काढताना (एन−पी)(एन²−पी²) असं पद येतं, ते कधीच निगेटिव्ह होत नाही, त्यामुळे घनता हाताबाहेर जात नाहीत. व्हेकन्सीची घनता डी घातली की पद होतं (एन−पी−डी)(एन²−पी²−डी²), आता एन=3, पी=2, डी=2 ठेवून बघा: पहिला कंस −1, दुसरा 1, गुणाकार −1. संपली युक्ती! मग फ्री एनर्जी (विद्युत ऊर्जा आणि एन्ट्रॉपी मिळून होणारी राशी) धरून चालावं लागतं, त्यातून मिळणारी माहिती बरीच कमकुवत, तरी जुर्दाना, युंगेल आणि झांपोनी यांनी 2023 च्या पेपरमध्ये कुठल्याही डायमेन्शनमध्ये कायम टिकणारी वीक सोल्युशन्स (समीकरण प्रत्येक बिंदूवर नाही, सरासरी अर्थाने पाळणारी) असतात हे सिद्ध केलं. सोल्युशन बाउंडेड राहतं, म्हणजे एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, हे मात्र त्यांना 2 डायमेन्शनपुरतंच मिळालं.

इलेक्ट्रॉन-होल इतके चपळ की ते लगेच स्थिरावतात असं धरलं तर फक्त व्हेकन्सी आणि पोटेन्शियल उरतात, न्यूरोमॉर्फिक (मेंदूच्या धर्तीवर चालणाऱ्या सर्किटच्या) कामात बहुतेकदा हेच छोटं मॉडेल वापरतात. पूर्ण मॉडेल 1 डायमेन्शनमध्ये कॉम्प्युटरवर चालवलं की व्होल्टेज चढताना आणि उतरताना करंटची वाट वेगळी निघते, म्हणजे लॅबमध्ये दिसतो तो हिस्टेरेसिस लूप.