खच्ची केलेला रेडा उंच का होतो?

खानापूर भागात भाताच्या चिखलणीला अजून रेड्यांचं जोत दिसतं. यंदा एका बांधावर दोन रेडे शेजारी उभे होते, एकाच पावसाळ्यात जन्मलेले. जोताचा रेडा खच्ची केलेला: पाय लांब, मान सडपातळ. दुसरा म्हशी फळवायला राखलेला: चार बोटं बुटका, पण मान जाडजूड, खांदे भरलेले. "खच्ची केलं की जनावर अंगानं भरतंय बघा," मामा म्हणाले. बहुतेकांचा हाच समज आहे. उंची वाढते हे खरं, मांस मात्र कमी भरतं.

या उंचीमागची यंत्रणा फार सुंदर आहे. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पातळ चकती असते. तिच्यातल्या पेशी विभागून नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात. हाडाकडच्या जुन्या पेशी फुगून मरतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. हाड लांबतं ते इथूनच. वयात आल्यावर पेशींचा साठा संपतो, चकतीचंही हाड होतं आणि उंची थांबते. हा साठा संपवतं इस्ट्रोजेन, ज्याला आपण मादीचं संप्रेरक म्हणतो! नरात ते टेस्टोस्टेरॉन या नराच्या संप्रेरकापासून बनतं; अरोमाटेज नावाचं विकर हा बदल घडवतं. वृषण निकामी झाले की कच्चा मालच आटतो, चकती उशिरापर्यंत उघडी राहते आणि पाय वाढत राहतात. 1994 साली अमेरिकेतल्या एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. टेस्टोस्टेरॉन पुरेसं, पण शरीर इस्ट्रोजेनला दाद देत नव्हतं. उंची 204 सेंटीमीटर, आणि ती अजून वाढतच होती.

स्नायूंचं गणित वेगळं. तिथे टेस्टोस्टेरॉन स्वतःच प्रथिनं साठवायला लावतं, मानेच्या स्नायूंत सर्वांत जास्त. ते गेलं की त्याच वैरणीतून चरबी अधिक आणि मांस कमी बनतं. गोवंशात खच्ची न केलेला नर खच्ची केलेल्यापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के जास्त वेगानं वजन घेतो. रेड्यातही दिशा तीच, पण तो उशिरा वयात येत असल्यानं लहानपणी हा फरक फारसा दिसत नाही. खच्ची जनावराचं मांस मऊ असतं आणि धाग्यांमध्ये चरबीही जास्त साठते. मांसाचा उतारा मात्र जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपासच, कारण म्हशीच्या जातीचं कातडं आणि डोकं जड.

अमावास्येला खच्ची केलं तर जखम चिघळते, असंही ऐकायला मिळतं. जखम चिघळते ती जंतूंनी, चंद्रामुळे नव्हे. बर्डिझो नावाच्या खच्चीकरणाच्या चिमट्यात तर कातडी फाटतच नाही. वृषणाकडे जाणारी आतली नाडी चिरडते, रक्तपुरवठा तुटतो आणि काही आठवड्यांत वृषण आक्रसतात. दोन्ही बाजूंचे चिमटे एका रेषेत लावायचे नाहीत, नाहीतर पिशवीचंच रक्त बंद होतं. आणि भूल दिल्याशिवाय हे कुणी करू नये. लाकडात धरून बडवायची जुनी रीत तर निव्वळ छळ होता.

मामांच्या गोठ्यात सध्या सहा महिन्यांचं रेडकू आहे. त्याला जोतालाच घालायचंय, म्हणून येत्या हिवाळ्यात डॉक्टरांना बोलावणार आहेत.