प्रूफ ऑफ स्टेक

ब्लॉकचेनवर (नोंदींचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, साखळीसारखे जोडत नेलेल्या सामायिक वहीवर) पुढची नोंद कोणी करायची आणि कोणती नोंद खरी धरायची, हे अनामत ठेवलेल्या चलनाच्या जोरावर ठरवणारी सहमतीची पद्धत.

सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. समजा, बंद पेवातला एकच माल मालकाने दोघा व्यापाऱ्यांना विकला, तर आधीचा सौदा कोणाचा, हे अडत्याची वही सांगेल. ब्लॉकचेनवर पेच हाच, पण वहीच्या हजारो प्रती आणि अडत्या कोणीच नाही. (पेवातली हळद किडकी आहे का, हे मात्र कोणतीही ब्लॉकचेन सांगत नाही.)

बिटकॉइनमध्ये हा निवाडा वीज जाळून, आकडेमोडीच्या शर्यतीने होतो. अनामतीची कल्पना २०१२ मध्ये पीअरकॉइन या डिजिटल चलनाने अर्धीमुर्धी वापरली. इथेरियम हे ब्लॉकचेनचे जाळे १५ सप्टेंबर २०२२ रोजी पूर्णपणे तिच्याकडे वळले आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

इथेरियममध्ये किमान ३२ इथर (तिथले चलन) अनामत म्हणून अडकवणाऱ्याला व्हॅलिडेटर, म्हणजे ब्लॉक मांडणारा आणि तपासणारा, होता येते. दर १२ सेकंदांना सोडतीने एकजण नवा ब्लॉक मांडतो, बाकीचे आपापल्या पाळीत मत देतात. दोन तृतीयांश अनामतीची मते मिळत गेली, तर साधारण १३ मिनिटांत नोंद पक्की होते.

खरी मेख दंडात आहे. सुरुवातीच्या रचनांत साखळीला फाटा फुटला की दोन्हीकडे मत देणे फुकट होते. मग कोण कशाला एकाच बाजूला राहील? आता अशा दुटप्पी मताचा पुरावा कोणीही साखळीवर मांडू शकतो; अनामतीचा काही भाग जप्त होतो आणि त्या व्हॅलिडेटरला बाहेर काढले जाते. एकाच वेळी बरेचजण पकडले गेले तर दंड वाढतो, कारण तेव्हा संगनमताचा संशय येतो. एक तृतीयांशाहून अधिक व्हॅलिडेटर गप्प बसले, तर नोंदी पक्क्या होणे थांबते. ११ आणि १२ मे २०२३ रोजी इथेरियमवर थोडा वेळ हेच झाले, मात्र नवे ब्लॉक येत राहिले. टेंडरमिंट या दुसऱ्या सहमती-प्रणालीच्या घराण्यातल्या साखळ्या अशा वेळी सरळ थांबतात.

अनामत काढून घेतलेल्याला मात्र दंडाचा धाक उरत नाही. सहीसाठीच्या जुन्या गुप्त किल्ल्या वापरून तो मागच्या तारखेपासून खोटी साखळी रचू शकतो. म्हणून नव्याने जोडल्या जाणाऱ्या संगणकाला अलीकडचा एखादा पक्का ब्लॉक खात्रीच्या माणसाकडून घ्यावा लागतो. ‘कोणावरही विश्वास ठेवायची गरज नाही’ ही जाहिरात तिथे लंगडी पडते.