१९५० च्या दशकातले फ्रेंच क्राइम सिनेमे आणि पडद्यावर नसलेली माणसं

जुने फ्रेंच गँगस्टर सिनेमे बघताना एक गोष्ट जरा उशिराच लक्षात येते आणि मग डोक्यातून जात नाही. बार, जुगाराचे अड्डे, पहाटेचे ओले रस्ते, सगळं पॅरिस दिसतं, पण त्याच पॅरिसात तेव्हा कारखान्यांत नि बांधकामांवर राबणारे, फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जेरियातून आलेले कामगार जवळपास कुठेच नाहीत. त्याआधी १९३७ चा 'पेपे ल मोको' अल्जेरियाच्या राजधानीत, अल्जिअर्सच्या कासबात (जुन्या वस्तीत) घडतो खरा, पण तिथला स्थानिक इन्स्पेक्टरसुद्धा युरोपियन नटानेच केलाय.

खरा गुंता १९५५ च्या 'रिफिफी'चा. लोक त्यातल्या चोरीच्या सीनबद्दल बोलतात, जवळपास अर्धा तास ना संवाद ना म्युझिक, आणि ते बरोबरच आहे, पण मला त्याआधी झालेला एक निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो. मूळ कादंबरीत समोरची टोळी उत्तर आफ्रिकेतल्या अरबांची होती, म्हणजे गोरे चोर त्यातल्या त्यात बरे आणि सावळे चोर नीच अशी सरळ वाटणी. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ अमेरिकन, हॉलिवूडच्या काळ्या यादीमुळे (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांची यादी) काम तुटलेला, त्याला हे पटेना. निर्माता म्हणाला मग व्हिलन अमेरिकन करू, तर यालाही तो नाही म्हणाला, कारण लोक म्हणतील स्वतःच्या देशावर सूड उगवतोय. शेवटी टोळी फ्रेंच झाली आणि म्होरक्याला जर्मन वाटणारं आडनाव मिळालं.

नोव्हेंबर १९५४ मध्ये अल्जेरियाचं फ्रान्सविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं. अशा वेळी पडद्यावर अरब खलनायक आणणं म्हणजे आगीत तेलच, त्यामुळे निर्णय योग्यच होता असं माझं ठाम मत आहे. पण व्हिलन गेला तसा अरब माणूसही गेला, त्याच्या जागी कुणी शेजारी, कुणी दुकानदार, कुणी पोलिससुद्धा आला नाही. आणि चोरांच्या टोळीत दोन इटालियन आहेत, त्यातला एक खुद्द दिग्दर्शकाने टोपणनावाने केलाय, म्हणजे परका माणूस चालत होता, फक्त कुठला परका ते ठरलेलं होतं.

सरकारदरबारी तर त्या युद्धाला युद्ध म्हणायचंच नव्हतं, तो शब्द कायद्यात यायला १९९९ उजाडलं. १९६० मध्ये शूट झालेला गोदारचा सिनेमा 'ल पती सोल्दा' अल्जेरियाच्या विषयामुळे १९६३ पर्यंत अडकवून ठेवला. १९५८ च्या 'लिफ्ट टू द स्कॅफोल्ड' या सिनेमात हिरो इंडोचायना-अल्जेरियात लढून आलेला आहे, पण अल्जेरिया त्याच्या भूतकाळापुरताच, आणि ज्या कृष्णवर्णीय अमेरिकन ट्रम्पेटवाल्याने, माइल्स डेव्हिसने, सिनेमाचं म्युझिक दिलं तो फक्त ऐकू येतो. अशा सिनेमांना 'न्वार' म्हणतात, म्हणजे काळा, पण तो काळोख मूडचा, माणसांचा नाही.

१९६७ च्या 'ल सामुराई'त क्लबमधली कृष्णवर्णीय पियानोवादक मात्र नुसती शोभेला नाही, खुन्याला समोरासमोर बघितलेली साक्षीदार तीच, आणि ती ओळख पटवायला नकार देते तिथे अख्खी गोष्ट वळते. पुढे 'अं प्रॉफेत' २००९ मध्ये आला, त्यात अल्जेरियन वंशाचा तरुण तुरुंगात कॉर्सिकन टोळीच्या हाताखाली लागतो आणि हळूहळू सूत्रं स्वतःकडे घेतो, कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला. मधल्या काळात किती बदललं ते आकड्यांत मांडणंही सोपं नाही, कारण १९७८ च्या कायद्याने फ्रान्समध्ये वंशाची नोंद ठेवण्यावर कडक बंधनं आली.