क्षारपड जमिनींचा निचरा (सांगली जिल्हा)

कृष्णा-वारणा काठच्या काळ्या, चिकण जमिनीत साचलेले पाणी व क्षार चरांवाटे किंवा जमिनीखालच्या नळ्यांवाटे बाहेर काढण्याची पद्धत. मिरज, वाळवा व पलूस तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात तिची गरज विशेष भासते. या जमिनींपैकी बऱ्याचशा एकेकाळी कसदार होत्या. उपसा सिंचनाचे बारमाही पाणी आले, उसाला पाटाने मोकळे पाणी सोडायची सवय लागली, ओढे-ओघळी बुजल्या आणि भूजल मुळांपर्यंत चढले. उन्हाळ्यात हे पाणी वर येऊन उडून जाते, क्षार मागे राहतात आणि रान पांढरे पडते.

मातीची विद्युतवाहकता (तिच्यातील क्षारांचे माप) मीटरला 4 डेसिसायमनपेक्षा जास्त असली की ती क्षारयुक्त ठरते. उसाला मात्र 1.7 च्या आसपासच फटका बसू लागतो, म्हणजे रान पांढरे पडण्याच्या कितीतरी आधी. विनिमयशील (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम 15 टक्क्यांवर आणि सामू (pH) 8.5 च्या वर गेलेल्या चोपण जमिनीला नुसता निचरा पुरत नाही. जिप्सम घालावे लागते, हिरवळीचे खत म्हणून धैंचा किंवा ताग गाडावा लागतो. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात या जमिनींवर काम चालते.

भूमिगत पद्धतीत गाळणीचे कापड गुंडाळलेल्या सच्छिद्र पीव्हीसी नळ्या साधारण मीटर-सव्वा मीटर खोल, उताराने पुरतात. त्यांचे पाणी ओढ्यात सोडतात. खालच्या शेतकऱ्याने वाट दिली नाही, तर वरच्याचा खर्च वाया जातो.

हवामानबदलाचा घाव नेमका नळ्यांच्या ओढ्याकडच्या तोंडाशी बसतो. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. सांगलीत 2005, 2019 व 2021 साली महापूर आले. 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले, धोक्याची पातळी 45 फूट असताना. (प्रत्येक पुराचे खापर एकट्या हवामानावर फोडता येत नाही, धरणांचा विसर्ग आणि पूरपट्ट्यातील बांधकामे हा वादाचा वेगळा विषय आहे.) नदी फुगली की ओढ्यांना फुगवटा येतो, नळ्यांची तोंडे पाण्याखाली जातात आणि निचरा थांबतो. पूर ओसरला तरी रान लवकर वाफशावर येत नाही.

क्षार धुण्यासाठी पावसाचे गोडे पाणी सर्वांत उपयोगी, पण ते सावकाश मुरायला हवे. चिकण मातीत एका दिवसात कोसळलेल्या पावसाचे बरेचसे पाणी वाहून जाते. तेवढाच पाऊस आठवडाभर झिमझिमला तर क्षार खाली जातात. ठिबकने पाणी वाचते, पण ओलाव्याच्या कडेला क्षार साठतात. पावसाने ओढ दिली तर तेही अधूनमधून धुवावे लागतात.